रेस्क्यू सेंटरला इंटर्न म्हणून जायचंय, तर तिथं नेमकं काय करावं लागतं

तू विचारलंयस ते थोडक्यात असं, की पांढरकवड्याकडच्या गावातून तू झूलॉजीचं शेवटचं वर्ष करतेयस, नागपूरजवळच्या एका वन्यप्राणी रेस्क्यू सेंटरने तुला फेब्रुवारी ते मे इंटर्न म्हणून ये म्हटलंय, आणि आता तिथं काम काय असतं, प्राणी हाताळायला मिळतात का, पुढे त्याचा उपयोग होतो का, आणि आई-बाबा घाबरून राहिले त्यांना काय सांगायचं. मी या कामात बरीच वर्षं आहे, दरवर्षी इंटर्न पोरं-पोरी येतात, त्यांच्यासोबतच दिवस जातो, म्हणून जरा लांब लिहितो.

हाताळण्याचं आधी सांगतो, कारण येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तेच असतं. फार कमी मिळतं, आणि जितकं कमी मिळेल तितकं ते सेंटर चांगलं समज. आपल्याकडे आलेलं जनावर परत जंगलात जावं म्हणून सगळा खटाटोप आहे, आणि परत जायचं तर त्याची माणसाबद्दलची भीती शाबूत राहिली पाहिजे. चितळाचं नर पाडस घे. बाटलीवर वाढवलं, मांडीवर घेतलं, नाव ठेवलं, ते मागेमागे फिरायला लागलं, सगळ्यांना लय गोड वाटतं. पण मोठं झाल्यावर त्याला शिंगं येतात, ती कडक झाली आणि तो माजावर आला की त्याला समोरचा माणूस दुसरा नर वाटतो आणि तो सरळ शिंगं खाली घालून अंगावर येतो. जंगलातलं चितळ माणूस दिसला की पळतं, हा पळत नाही. त्याला सोडलं तर तो गावाकडेच येणार आणि कुत्री त्याला फाडणार, न सोडावं तर जन्मभर कुंपणात. आणि हे सगळं त्याला पहिल्या दीड-दोन महिन्यांत मिळालेल्या लाडापायी. म्हणून पाडसं शक्यतो दोन-तीन एकत्र ठेवतात, पाजायला एकच माणूस जातो, बोलत नाही, पाजून झालं की निघून येतो, आणि नावाऐवजी नंबर असतो. जमलं तर शेळीला लावतात, ते सगळ्यात बरं.

तुझ्यावर पाजायचं काम आलं तर एवढं ध्यानात ठेव की पाडस उभं पाहिजे, मान वर, आईच्या खाली उभं राहून पितं तसं. आडवं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनियाने पाडस दोन दिवसांत मरतं. दुसरं म्हणजे अगदी लहान पाडस आपणहून लघवी करत नाही, आई चाटते तेव्हाच करतं, त्यामुळे पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने शेपटीखाली हळूहळू पुसावं लागतं, आईच्या जिभेसारखं, घाई न करता, आणि किती लघवी झाली, लेंडी कशी होती हे लगेच लिहायचं. दूध कोणतं, किती, किती वेळा, ते डॉक्टर वजनावरून ठरवतात, आपण मनाने वाढवायचं नाही. भुकेलं दिसतं म्हणून कोणीतरी जास्त पाजतं आणि रात्री हगवण लागते, हे दर हंगामात होतं.

आता रोजचं काम. सकाळी लवकर सुरू होतं, उन्हाळ्यात तर उजाडायच्या आधी, कारण आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको. पहिलं काम झाडू मारायचं नाही, बघायचं. झाडू लागला की पुरावा गेला. रात्री कोणी किती खाल्लं, काय टाकलं, शी कशी आहे, पाणी किती संपलं, कोण कुठं बसलंय हे आधी बघून रजिस्टरला लिहायचं आणि मगच सफाई. माझ्या मते इंटर्नचं सगळ्यात किमती काम हेच आहे. सेंटरला डॉक्टर एक-दोनच असतात, जनावरं भरपूर, आणि जंगली जनावर दुखणं लपवतं, कारण जंगलात जे लंगडताना दिसलं तेच आधी मारलं जातं. ते बिमार दिसायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याआधीच्या खुणा बारीक असतात आणि रोज बघणाऱ्यालाच दिसतात.

उदाहरण देतो. घार एका पायावर बसली, दुसरा पिसांत ओढून घेतला, यात काही नाही, पक्षी असेच आराम करतात. पण चार दिवसांच्या नोंदीत दर वेळी डावाच पाय वर असेल तर तो पाय बघावा लागतो, बहुतेकदा तळव्याला फोड यायला लागलेला असतो, कारण बसायची दांडी गुळगुळीत आणि सगळीकडे एकाच जाडीची आहे. तिला काथ्या गुंडाळला, दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावल्या तर सुरुवातीलाच थांबतं, नाहीतर फोड हाडापर्यंत जातो आणि मग ती घार शिकार धरू शकत नाही. तसंच शी हिरवीगार आली की ती घार पुरेसं खात नाहीये, मग भांड्यातलं मांस संपलेलं का दिसतंय? कदाचित शेजारची ओढून नेतेय. हे सगळं 'घार ठीक आहे' असं लिहिणाऱ्याला कधीच कळणार नाही. म्हणून 'ठीक' हा शब्द रजिस्टरमध्ये लिहूच नको, जे दिसलं ते लिही. काही समजलं नाही तरी लिही, त्याचा अर्थ डॉक्टर लावतील.

मग किचन. मांसाहारींचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं, सुऱ्या-पाट वेगळे. शिकारी पक्ष्याच्या पिल्लांना नुसतं बोनलेस चिकन चालत नाही, हाड नसेल तर कॅल्शियम नाही आणि पाय वाकडे होतात, एकदा वाकले की ते पिल्लू संपल्यात जमा. हरणांना वड, पिंपळ, उंबर, बोरीचा पाला लागतो, कणकेचे गोळे किंवा उरलेल्या पोळ्या दिल्या की पोटात आम्ल होऊन ते पडतं. लोक प्रेमाने पोळ्या आणून देतात, त्यांना नीट समजावून परत पाठवायच्या. आणि सफाईतली एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते, बिबट्या, रानमांजर अशा मांजराच्या जातीतल्या कोणाच्याच पिंजऱ्यात फिनाईल वापरायचं नाही, त्यांचं लिव्हर ते पचवू शकत नाही, पंजाला लागतं, चाटलं की विष पोटात. सेंटरचं जे ठरलेलं औषध असेल तेच, ठरलेल्या मापाने, आणि नंतर भरपूर पाणी.

तू फेब्रुवारीत येतेस म्हणजे संक्रांतीचे पक्षी अजून वॉर्डात असतील. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी घारी, घुबडं, बगळे कापून येतातच. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा ताणलेला पडदा असतो, मांजा तिथंच बसतो. जखम भरते, पण पडदा आखडला की पंख पूर्ण उघडत नाही, म्हणून पट्टी फार दिवस ठेवत नाहीत आणि डॉक्टर भूल देऊन पंखाचा व्यायाम घेतात. तुला तिथं धरायला सांगतील कदाचित, तेव्हा आधी टॉवेल टाकून डोळे झाकायचे आणि पंजे सांभाळायचे, चोचीपेक्षा पंजा जास्त लागतो. छाती दाबायची नाही, पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो.

त्यानंतर हरभरा, गव्हाची सोंगणी सुरू होते आणि फोन वाजायला लागतात. 'सायेब, आमच्या वावरात बिबट्याचे पिल्ले हायेत, लवकर या.' जाऊन बघावं तर बऱ्याचदा रानमांजराची पिल्लं असतात. अंगावर ठिपके नाहीत, पुसट पट्टे, कानाच्या टोकाला काळे केस, शेपूट आखूड. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानाने मोठे आणि ठिपके अगदी दाट असतात. पण दोन्हीत करायचं तेच, पिल्लं उचलून आणायची नाहीत. गावातले कळवळून म्हणतात, 'रात्री कुत्रे खातीन ना जी, घेऊनच जा.' त्यांचं चुकतं असं नाही, त्यांना दया येते म्हणूनच म्हणतात. तरी समजावायचं की माय दिवसा माणसांच्या गलबल्याने जवळच कुठंतरी दबून बसलीय. त्या पट्ट्याची सोंगणी त्या दिवसापुरती थांबवायची, डॉक्टर पिल्लं तपासतात, मग संध्याकाळी ती जिथं सापडली तिथंच टोपल्यात किंवा खोक्यात ठेवायची, अशी की मायला तोंडात धरून काढता येतील पण पिल्लांना भटकता येणार नाही, धुऱ्यावर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचं. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायची. कॅमेऱ्यात माय एकेक पिल्लू उचलून पऱ्हाटीच्या ओळीतून नेताना दिसते ना, ते बघून शेतकरी स्वतःच बाकीच्यांना सांगायला लागतो की पिल्लं उचलू नका, आणि आपल्या हजार भाषणांनी होत नाही ते होतं.

पाडसांचंही तसंच. चितळाची, काळविटाची माय पाडसाला गवतात लपवून चरायला जाते, ते हलत नाही, आवाज करत नाही, लोकांना वाटतं अनाथ आहे. सेंटरला येणारी कितीतरी पाडसं अनाथ नसतातच, घरी नेऊन ठेवल्यामुळे अनाथ होतात. तुला गावातून फोन आला तर हेच सांग, हात लावू नका, कुत्री बांधा, लांबून लक्ष ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरला कळवा. आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ च्या, कलम ३९ प्रमाणे वन्यप्राणी सरकारी मालमत्ता आहे, हाती लागला तर ४८ तासांच्या आत पोलीस किंवा वनविभागाला कळवावं लागतं. पोपट, घोरपड, कासव काहीही घरी ठेवणं गुन्हाच. हे धमकीसारखं न सांगता माहिती म्हणून सांगितलं तर लोक ऐकतात.

एप्रिल-मे मध्ये उन्हाने पडलेले पक्षी खोक्यांनी येतात. आणणाऱ्याने बहुतेक वेळा चोच उघडून पाणी ओतलेलं असतं, आणि पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं भोक असतं, पाणी सरळ आत जातं, उन्हाने नसता मेला तो पाण्याने मरतो. भोकं पाडलेलं खोकं, अंधार, थंड जागा, बाजूला उथळ वाटीत पाणी, बस. फोनवर हे सांगणं हेही इंटर्नचंच काम असतं आणि त्यातून बरेच पक्षी वाचतात. याच दिवसांत पाण्याच्या शोधात विहिरीत पडलेली जनावरंही येतात, कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडे गावोगाव आहेत. रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर, कधी बिबट्या. बिबट्या असला तर दोराने खाट सोडतात, तो तिच्यावर चढून बसला की पुढचं बघता येतं. तू तिथं गेलीस तरी तुला विहिरीजवळ जाऊ देणार नाहीत, तुझं काम गर्दी मागे ठेवायचं आणि मोबाईलवाले शांत करायचे, आणि ते काम लहान नाही. रोही किंवा चितळ गर्दीने पळवलं, आरडाओरडा झाला, तर त्या भीतीने आणि धावण्यानेच त्याचे स्नायू आतून फाटतात, लघवी गडद होते, आणि वरून एक खरचटा नसलेलं जनावर दोन-चार दिवसांनी मरतं. कॅप्चर मायोपॅथी म्हणतात त्याला. त्यावर औषध जवळपास नाहीच, उपाय एवढाच की डोळे झाकायचे आणि आवाज बंद.

मरणाबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो. आलेल्यातली बरीच मरतात. रस्त्यावर धडकलेलं, करंट लागलेलं, कुत्र्यांनी फाडलेलं जनावर येतं तेच शेवटच्या टोकाला. तू रात्रभर जागलेलं पिल्लू सकाळी गेलेलं असेल आणि लगेच बाकीच्यांचं खाणं कापायला बसावं लागेल. रडू आलं तर रड, कोणी हसणार नाही. पण पोस्टमॉर्टेम बघायची परवानगी मिळाली तर टाळू नको, का मेलं ते कळलं की पुढच्याला वाचवायची शक्यता वाढते. आणि कधी सगळं नीट करूनही जमत नाही. तुझ्याच भागातली अवनी वाघीण माणसं मारते म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, तिचा मादी बछडा पुढच्याच महिन्यात पकडून पेंच व्याघ्र प्रकल्पात मोठ्या कुंपणात ठेवला, माणसापासून दूर, शिकार करायला लावून वाढवला, आणि मार्च २०२१ ला जंगलात सोडला. काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि गेली. काही लोक म्हणतात मग सोडलीच कशाला. मला ते पटत नाही. जंगलात रिकामी जागा नसते, प्रत्येक वाघाला आपला इलाखा लढूनच मिळवावा लागतो, आईबरोबर वाढलेले बछडेही त्यात मरतात. तिला ती संधी मिळाली हे मला बरोबर वाटतं.

सगळेच प्राणी सोडता येत नाहीत हेही खरं. गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांनी शिकारीत माय गेलेल्या माकडाच्या पिल्लापासून जे अनाथालय सुरू केलं त्याची गोष्ट वेगळी आहे, तिथं जनावरं जन्मभर राहायला आलीत आणि तिथल्या माडिया आदिवासींशी शिकारीबद्दल बोलणं त्यातून सुरू झालं. नागपूरच्या गोरेवाडा रेस्क्यू सेंटरला माणसांवर हल्ले केलेले, म्हातारे, जखमी वाघ-बिबटे कायमचे राहतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर उपचार करून सोडण्यासाठी आहे. तुझं सेंटर यातलं कोणत्या प्रकारचं आहे ते जायच्या आधी विचार, कारण कामाची पद्धत त्यावर ठरते. अजून विचार की पूर्णवेळ डॉक्टर आहे का, किती जनावरं सोडली त्याची नोंद दाखवतात का, फोटोचे नियम काय. बछडे मांडीवर घेऊन फोटो काढायला मिळतील असं कोणी सांगत असेल, किंवा त्यासाठी पैसे मागत असेल, तर तिथं जाऊ नको, दुसरीकडे अर्ज कर.

करिअरचं थोडक्यात. इलाज फक्त व्हेटर्नरी डॉक्टरच करू शकतो, त्यामुळे तीच ओढ असेल तर बीव्हीएससीचा रस्ता वेगळा आहे. झूलॉजीवाल्यांसाठी रिसर्च आहे, डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचं एमएससी आहे, वनविभागाच्या परीक्षा आहेत, सेंटरमध्येच बायोलॉजिस्ट म्हणून काम आहे. पगार फार नाहीत, हे आताच माहीत असू दे. पण तीन-चार महिने नीट लिहिलेलं रजिस्टर दाखवता आलं तर कुठल्याही इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आता आई-बाबांचं. वाघ-बिबट्याची त्यांना भीती आहे, पण इंटर्नला मोठ्या जनावराच्या दारापाशी एकटं सोडतच नाहीत, दोन कुलपं असतात आणि कीपर सोबत असतो. मला काळजी वेगळ्याची वाटते. कोल्हा, मुंगूस, माकड यांचा साधा ओरखडा, त्यातून रेबीज. उंदीर आणि लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. गवतात फिरताना बारीक किडा चावून येणारा स्क्रब टायफसचा ताप, २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याची मोठी साथ आली होती, म्हणून पूर्ण बाह्या, गमबूट आणि रोज संध्याकाळी अंग तपासून आंघोळ. ताप आला तर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मी रेस्क्यू सेंटरला काम करते हे पहिल्या वाक्यात सांग. सापाला हात लावायचा नाही, बिनविषारी वाटला तरी नाही, कवड्या समजून मण्यार धरणारे अनुभवी लोक असतात. आणि उलट बाजूने, तुला खोकला असेल तर माकडांच्या वॉर्डात जायचं नाही, माणसाचा टीबी त्यांना लागतो.

रेबीजची आधी घ्यायची लस तीन डोसांची असते, पहिला डोस, मग ७ व्या दिवशी, मग २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. म्हणजे जवळजवळ महिना लागतो, तेव्हा जानेवारी लागायच्या आत पहिला डोस घेऊन टाक, सोबत धनुर्वाताचं इंजेक्शनही. ही लस घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी एक व तिसऱ्या दिवशी एक असे दोन डोस घ्यावेच लागतात, पण जखमेत द्यायचं ते महागडं इम्युनोग्लोब्युलिन मग लागत नाही, आणि आपल्या ग्रामीण भागात ते वेळेवर मिळेलच असं नसतं. लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात सोबत ठेव. बाबांना पहिल्या दिवशी सेंटरवर घेऊन ये, आतले वॉर्ड दाखवत नाहीत पण राहायची खोली, डॉक्टर आणि तुझ्यासोबत काम करणाऱ्या ताई-दादांना भेटतील, जवळचा दवाखाना किती लांब आहे तेही बघून जातील.